सात दिवसांची वैमानिक : एक प्रकरण अभ्यास

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारी २०२५ ला, भाची आमच्या पार्ल्याच्या घरी तिळगूळ घेऊन आली आणि डबा टेबलावर ठेवायच्या आधीच तिनं पर्समधून लॉगबुक काढलं. "मामा, मी करंट आहे की नाही, म्हणजे नियमानं आज विमान उडवू शकते की नाही, तेवढं सांग."

मी एअरलाइनमध्ये तीसेक वर्षं विमान चालवलं, त्यातली शेवटची काही वर्षं इतर वैमानिकांचे चेक, म्हणजे उड्डाणाच्या चाचण्या, घेतले आणि २०२२ मध्ये पासष्टी भरल्यावर नियमाप्रमाणे उतरलो. त्यामुळे घरातले असे कागद आपोआप माझ्याकडे येतात. पण हा कागद आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा, डीजीसीएचा, नव्हता, अमेरिकेच्या तशाच खात्याचा, एफएएचा, होता. आणि त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा बराच वेगळा चालतो.

भाची चौतीस वर्षांची. नोकरीच्या निमित्तानं ह्यूस्टनला होती, तिथेच हौसेनं प्रायव्हेट पायलटचा परवाना घेतला, पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे ढगात नुसत्या उपकरणांवर उडायची मुभा. मार्च २०२३ मध्ये मुंबईला परतली आणि तेव्हापासून विमानाला हात नाही. आता २२ फेब्रुवारीला कंपनीच्या कामासाठी दीड महिना पुन्हा ह्यूस्टन, आणि या खेपेला आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, सोबत नेणार. आईला स्वतःच्या हातानं विमानात फिरवायचं हे तिनं परवाना मिळाला त्याच दिवशी ठरवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्याचं स्वतःचं सेस्ना १७२ आहे, तो द्यायला तयार. भाड्यानं विमान देणारे क्लब आधी आपला इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून बघतात, मगच किल्ली देतात. मित्राच्या विमानाला तो अडसर नाही. विम्याच्या अटी असतात, पण तिचे तास त्यात बसत होते.

इथे मुंबईत का नाही उडवलं, असं बहिणीनं मध्येच विचारलं. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशानं दिलेला किंवा मान्य केलेला परवाना लागतो. आपल्या व्हीटी अक्षरांच्या विमानाला अमेरिकेचा परवाना तसाच्या तसा चालत नाही, डीजीसीएकडून बदलून घ्यावा लागतो. आणि जुहूला हल्ली हेलिकॉप्टरंच जास्त. १९२८ साली तिथे सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण-प्रशिक्षणसुद्धा धुळ्याला गेलं.

तारखांचा हिशेब

भाचीची समजूत अशी होती : शेवटचा फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची दर दोन वर्षांची उजळणी, ३ फेब्रुवारी २०२३ ला झाला, दोन वर्षं ३ फेब्रुवारी २०२५ ला संपतात, म्हणजे २२ तारखेला पोचेपर्यंत आपण बाद.

चूक. एफएए तिथे दिवस मोजत नाही, कॅलेंडरचे महिने मोजते. ज्या महिन्यात तुम्ही पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचे जबाबदार वैमानिक, म्हणून उडणार, त्याच्या आधीच्या चोविसाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढे केव्हाही रिव्ह्यू झालेला असला की पुरे. म्हणजे ३ फेब्रुवारी २०२३ चा रिव्ह्यू २८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रीपर्यंत जिवंत. मेडिकलही तसंच. तिचं थर्ड क्लास मेडिकल ऑक्टोबर २०२० चं, तेव्हा ती चाळिशीच्या आत होती, म्हणून साठ महिने : ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत निश्चिंती. परवान्याला तर मुदतच नाही. आपल्याकडे नूतनीकरणाच्या फायली वाहून खांदे दुखलेल्या माणसाला हे वाचून थोडा हेवा वाटतो.

मात्र प्रवासी बसवायचा असेल तर दुसरं कलम लागतं, आणि तिथे मोजमाप एकदम दिवसांत येतं : मागच्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, स्वतःच्या हातानं, त्याच वर्गाच्या विमानात. भाचीचे नव्वद दिवस मे २०२३ मध्येच संपले होते. पण हे कलम फक्त प्रवाशांपुरतं आहे. एकट्यानं उडायला त्याची आडकाठी नाही. उलट, एकटीनं जाऊन तीन लँडिंग केली की कलम पुन्हा पूर्ण होतं.

इन्स्ट्रुमेंटचा हिशेब पटकन सांगतो, कारण तिथे वादच नव्हता. उपकरणांवर विमान धावपट्टीकडे आणायचे, म्हणजे अप्रोचचे, शेवटचे सहा सराव डिसेंबर २०२२ मधले. सहा महिन्यांची मुदत जून २०२३ ला संपली. पुढचे सहा महिने बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट शेजारी घेऊन सराव भरून काढता येतो, तेही डिसेंबर २०२३ ला संपले. आता इन्स्ट्रुमेंट प्रोफिशियन्सी चेक दिल्याशिवाय ढगात जायचं नाव नको. ते आम्ही त्याच संध्याकाळी यादीतून काढून टाकलं.

उरलं काय, ते नीट बघा. २२ ते २८ फेब्रुवारी या सात दिवसांत, दोन वर्षं विमानाला हात न लावलेली ही मुलगी मित्राच्या विमानात एकटी बसून, तीन चकरा मारून, तीनदा उतरून, चौथ्या खेपेला माझ्या बहिणीला शेजारी बसवून निघाली असती, तर तारखांच्या हिशेबात कुणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. कुणाची परवानगी नको, कुणाची सही नको.

भाचीचा चेहरा उजळला. माझी बहीण हलव्याचे दाणे मोजत बसली होती. ती वर बघून म्हणाली, "दादा, हे बरोबर नाही वाटत."

तिला कलम कळलं नव्हतं, पण मुद्दा कळला होता.

माझं मत, आणि ते कुठून आलं

मी भाचीला सांगितलं : ते सात दिवस विसर. जिवंत आहे तो रिव्ह्यू मेला असं समज, आणि पहिल्या दिवसापासून इन्स्ट्रक्टर शेजारी घे.

तिनं वाद घातला, आणि वाद चांगला होता. "मामा, कायद्यानं विचार करूनच आकडे ठरवले असतील ना?" ठरवले आहेत. पण ते कमीत कमी किती, याचे आहेत. फ्लाइट रिव्ह्यू म्हणजे किमान एक तास जमिनीवर बसून नियमांची उजळणी आणि किमान एक तास हवेत. त्यात पास-नापास नाही. इन्स्ट्रक्टरला पटलं तर तो लॉगबुकात तशी नोंद करतो. नाही पटलं तर तेवढा वेळ साधं प्रशिक्षण म्हणून लिहिला जातो, नापासाचा शिक्का कुठे उमटत नाही. मला ही पद्धत आवडते. घाबरून कुणी चांगलं उडत नाही. पण ज्याला परीक्षाच नाही, त्याला आपण कुठे आहोत हे स्वतःलाच विचारावं लागतं.

आमच्याकडे एअरलाइनमध्ये तसं विचारायची वेळ येत नाही, कारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये कुणीतरी विचारतंच. आंतरराष्ट्रीय नियमात एक बारीक कलम आहे, ते मी नव्या चेक पायलटांना मुद्दाम दाखवायचो : वर्षात दोन प्रोफिशियन्सी चेक हवेत, पण सारख्याच स्वरूपाच्या दोन चाचण्या लागोपाठच्या चार महिन्यांत उरकल्या तर तेवढ्यानं अट पुरी होत नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला माणसाचा स्वभाव माहीत होता. नाहीतर अर्धे लोक डिसेंबरात एक आणि जानेवारीत एक देऊन वर्षभर मोकळे झाले असते.

आणि सहा महिनेसुद्धा किती लांब असतात हे मी स्वतःवर बघितलं. २५ मार्च २०२० ला देशांतर्गत उड्डाणं थांबली, पार्ल्यात एवढी शांतता झाली की कोकीळ ऐकू यायला लागली. दोन महिन्यांनी उड्डाणं सुरू झाली, पण थोडी. माझी पाळी येईपर्यंत जुलै उजाडला. सिममध्ये टेकऑफच्या ऐन वेगाला इंजिन घालवलं, आणि पाय रडरवर आपोआप पडला, जसा पंचवीस वर्षं पडत आला तसा. नाक सरळ राहिलं, विमान उचललं, मनात म्हटलं, वा. सोबत्यानं "पॉझिटिव्ह रेट", म्हणजे विमान चढतंय, असं म्हटलं. त्यावर मी "गिअर अप", म्हणजे चाकं आत घे, म्हणायचं असतं. मी गप्प. एका इंजिनवर चढणारं विमान, खाली चाकं लोंबतायत, आणि पंचवीस वर्षांचा कॅप्टन वेगाच्या पट्टीकडे कौतुकानं बघतोय. सोबत्यानं आठवण केली.

म्हणून माझा अनुभव असा, की हात उशिरा विसरतो आणि क्रम आधी विसरतो. सायकल कुणी विसरत नाही. स्टँड काढायला विसरतो.

दिवाणखान्यातले पाच रविवार

निघायला पाच आठवडे होते. रविवारी सकाळी अकरा ते एक असं ठरलं. मुंबईत विमान नाही, पण क्रमाला विमान लागत नाही. मित्रानं त्याच्या विमानाच्या पॅनेलचे फोटो आणि हँडबुकाची पानं पाठवली. ते फोटो पुठ्ठ्यावर मोठे छापून घेतले, खुर्चीसमोर टेकवले, थ्रॉटल म्हणून पोळपाटावरचं लाटणं. बहिणीला ते पटलं नाही, पण दिलं.

पहिल्याच रविवारी घोटाळा निघाला. मी म्हटलं, "इंजिन बंद. वेग?" ती ताडकन म्हणाली, "पासष्ट." पाठ अगदी पक्कं, आणि या विमानासाठी चुकीचं. ती शिकली होती जुन्या १७२ एन वर, तिथे विनाइंजिन तरंगायचा वेग ६५ नॉट. मित्राचं विमान १७२ एस, तिथे ६८. तीन नॉटांनी आभाळ कोसळत नाही. पण मग आम्ही दोन्ही हँडबुकं शेजारी शेजारी ठेवली आणि यादी वाढतच गेली. जुन्याला कार्ब्युरेटर, त्यामुळे उतरताना आणि इंजिन अडखळलं की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटर गरम करायची मूठ, ओढायची सवय. नव्याला फ्युएल इंजेक्शन, ती मूठच नाही, त्याऐवजी इंधनाच्या पंपाचा स्विच. जुन्याचे पंखांमागचे फ्लॅप ४० अंशांपर्यंत, नव्याचे ३०. जुन्याला गोल घड्याळं, नव्याला दोन मोठे स्क्रीन. नियमाच्या लेखी मात्र दोन्ही एकच : एका इंजिनाचं, जमिनीवर उतरणारं विमान. एकावर केलेली तीन लँडिंग दुसऱ्यावर चालतात.

दुसऱ्या रविवारी इंजिन बंदच्या सरावात तिचा हात तीनदा नसलेल्या कार्ब हीटकडे गेला. पुठ्ठ्यावर तिथे काहीच नव्हतं, बोटं नुसती आपटायची. चौथ्या रविवारी जाणं थांबलं. या सगळ्या प्रकरणात सर्वात कामाचं काय झालं असं मला कुणी विचारलं तर मी ती बोटं आपटणं सांगेन.

रेडिओवरचं बोलणं आम्ही गॅलरीत उभं राहून केलं. धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीला आपण सर्किट म्हणतो, तिकडे पॅटर्न. शब्द वेगळे, पण टप्पे तेच : डाउनविंड, बेस, आणि धावपट्टीसमोरचा शेवटचा, फायनल. तिनं फायनलवरून रनवेचा आकडा न उच्चारता "फायनल" एवढंच म्हटलं तेव्हा मी तिला जुहूची गोष्ट सांगितली. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या धावपट्टीवर उतरलं आणि पट्टी संपल्यावरही पुढे गेलं. जुहूची धावपट्टी ०८, सांताक्रूझची ०९, दिशा जवळपास एकच, अंतर थोडकं, आणि डोळ्याला जे हवं तेच दिसलं. आकडा तोंडानं म्हटला की निदान एकदा तो वाचावा लागतो. ह्यूस्टनच्या आसपास तर लहानमोठ्या विमानतळांची दाटी आहे.

पाचवा रविवार तिनं बुडवला. पॅकिंग.

तिकडे

२४ फेब्रुवारीला, सोमवारी, पहिलं उड्डाण. इन्स्ट्रक्टर एक वयस्क बाई. भाचीनं त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं की कागदावर मी चालू आहे, पण दोन वर्षं उडालेली नाही, आणि ते ऐकून त्या बाईंनी एक तासाचं बुकिंग खोडून दोन तासांचं केलं. मला त्या बाई न भेटताच आवडल्या.

रात्री फोनवर जे कळलं ते असं. इंजिन सुरू करणं, टॅक्सी, रेडिओ, रनवेचा आकडा : स्वच्छ. इंजिन बंदचा सराव : ६८, शेत निवडलं, पंप, हात कुठेही भरकटला नाही. स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल गेल्यावर, बाहेर येणं बरं. आणि लँडिंग वाईट. पहिलं उंचावरून सोडलं, विमान धपकन बसलं आणि उसळलं. दुसरंही. म्हणजे मी दिवाणखान्यात जो क्रम घासून घेतला होता तो टिकला, आणि हात, ज्याबद्दल मी एवढा निर्धास्त होतो, तो गेला होता.

इथे माझ्या सिद्धांताला तडा गेला, ते कबूल करायला हवं. माझ्या मागे हजारो तास होते, तिच्यामागे जेमतेम दीडशे. खोल मुरलेलं उशिरा जातं. जे मुरायच्या आधीच थांबलं, ते आधी जातं. एअरलाइनच्या माणसानं हौशी वैमानिकाला आपल्या मापानं मोजलं की ही चूक होते, आणि पाच रविवार माझ्या ती लक्षातही आली नव्हती.

पण त्या दिवशीची मोठी गोष्ट लँडिंग वाईट झालं ही नव्हतीच. विमान उसळल्यावर तिनं काय केलं, ही होती. तिनं काहीच केलं नाही. नाक धरून वाट बघत बसली, की बसेल आता. बाईंनी थ्रॉटल पुढे ढकलला. उसळलं तर पूर्ण पॉवर, नाक सांभाळ, फ्लॅप २० वर, चढ, पुन्हा ये. हा गो-अराउंड तिला तोंडपाठ होता, माझ्यासमोर लाटण्यावर वीस वेळा करून दाखवला होता. पण दरवेळी मी "गो-अराउंड" म्हटल्यावर. स्वतः ठरवून एकदाही नाही. पुठ्ठ्यावर ते शिकवता येत नाही, निदान मला आलं नाही. मीच आवाज देत होतो ना.

आता ते सात दिवस पुन्हा आठवा. शेजारची खुर्ची रिकामी असती.

बुधवारी दुसरं उड्डाण. बाईंनी लँडिंग बाजूला ठेवलं. दहा वेळा फायनलवर यायचं आणि त्यातल्या निम्म्या वेळा न उतरता परत जायचं, कोणत्या वेळी ते भाचीनंच ठरवायचं आणि कारण मोठ्यानं सांगायचं. वेग जास्त. वारा बाजूचा. "मन होत नाही" हेही कारण चाललं. शेवटच्या तीनचार खेपांना लँडिंग आपोआप सुधारलं, कारण उतरायलाच हवं हा ताण गेला होता.

तिसरं उड्डाण रविवारी, २ मार्चला. मध्ये २८ फेब्रुवारी गेली, म्हणजे त्या दिवशी कायद्यानं कमांडमध्ये बाई होत्या, भाची नव्हे. जमिनीवरच्या तासात नियमांची उजळणी झाली. वैमानिकांना जाणाऱ्या सूचनांचं, नोटॅमचं, २०२१ मध्ये बदललेलं नाव त्याच फेब्रुवारीत पुन्हा जुनं झालं होतं, त्यावर दोघी हसल्या. मग हवेत सव्वा तास. खाली आल्यावर बाईंनी लॉगबुकात नोंद केली. हवेतल्या एका तासात होणाऱ्या गोष्टीला तीन उड्डाणं आणि साडेचार तास लागले.

या खेंगटात एक आयता फायदा झाला. नोंद फेब्रुवारीत झाली असती तर मुदत फेब्रुवारी २०२७ पर्यंत होती. ती दोन दिवसांनी मार्चमध्ये गेली, म्हणून ३१ मार्च २०२७.

बहिणीचं उड्डाण

शेजारी इन्स्ट्रक्टर असतानाही विमान स्वतःच्या हातानं उतरवलं असेल तर ते लँडिंग नव्वद दिवसांच्या हिशेबात धरतात, त्यामुळे दिवसाची अट पूर्ण झाली होती. रात्रीची नव्हती, आणि भाचीला आईला शहराचे दिवे दाखवायचे होते. रात्री प्रवासी न्यायचे तर तीन लँडिंग रात्रीची हवीत, प्रत्येक वेळी विमान पूर्ण थांबवून, चाकं टेकवून लगेच उचलायचं टच अँड गो चालत नाही. यात रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंत. लॉगबुकात रात्रीचे तास लिहिताना व्याख्या वेगळी, संधिप्रकाश संपल्यापासूनची. आणि विमानाचे दिवे लावायचे ते सूर्यास्तालाच. एकाच संध्याकाळच्या तीन रात्री. माझ्या बहिणीला मी हे फोनवर समजावलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात आमची दिवेलागण होऊन आरतीसुद्धा होते."

मधला रस्ता निघाला. सूर्यास्ताला निघायचं, पहिले दिवे लागताना शहराच्या कडेनं फिरायचं आणि तो एक तास संपायच्या बऱ्याच आधी उतरायचं. तारीख ठरली ९ मार्च, रविवार. भाचीनं मुंबईतच तक्ता करून ठेवला होता, त्यात सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला. साडेसहाला दोघी विमानतळावर उभ्या, आणि ऊन लख्ख. त्या पहाटे अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे गेली होती. सूर्य साडेसातच्या आसपास मावळणार होता.

एक तास बाकावर बसून काढला. बहिणीनं पर्समधून चिवडा काढला. भाचीनं तेवढ्या वेळात विमानाभोवती दोनदा फिरून तपासणी केली, वारा पुन्हा बघितला, आणि आईला दाराची कडी स्वतः उघडून दाखवायला लावली.

चाळीस मिनिटं उडाल्या. उतरताना पहिल्या खेपेला फायनलवर बाजूचा झोत आला आणि विमान पट्टीच्या रेषेवरून सरकलं. भाची मोठ्यानं म्हणाली, "गो-अराउंड, रेषेवर नाही," आणि थ्रॉटल पुढे गेला. बहिणीला वाटलं की मुद्दाम अजून एक चक्कर मारतेय, दिवे जास्त दिसावेत म्हणून. तिनं मला तसंच सांगितलं, खूश होऊन. मी दुरुस्त केलं नाही.

पार्ल्याच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दोन वर्षांपुढचं नसतं. म्हणून भाचीनं ३१ मार्च २०२७ ही तारीख कागदावर लिहून तो फ्रिजला चिकटवलाय. खाली तिच्याच अक्षरात : "हात, आधीपासून."